दिव्याचं पाणी आणि डोळ्यावरचा पापुद्रा

तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या डोळ्यात आत्ता चुना, अ‍ॅसिड, फिनाईल असलं काही गेलं असेल, तर हे वाचत बसू नका. नळाखाली जा. डोळा बोटांनी उघडा धरा आणि पाणी सोडा. भरपूर सोडा. मग तसेच डॉक्टरकडे पळा. वाचायला पुढे आयुष्य पडलंय.

बाकीच्यांना सांगते. मी तेजस्विनी. ठाण्याजवळच्या दिव्यातल्या एका शाळेत पी.टी. शिकवते आणि मुलींचा खो-खोचा संघ बघते. राहायला कळव्याला. घरात नवरा प्रशांत, सासूबाई आणि आमची सहा वर्षांची इरा. माझ्या उजव्या डोळ्यावर दोनदा पापुद्रा लावलाय. हा पापुद्रा कसला, कुठून येतो, तो लावल्यावर काय होतं, हे मला आधी कोणी साध्या भाषेत सांगितलं असतं तर माझी निम्मी भीती गेली असती. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हीच लिहा. नवीन पेशंट फार घाबरलेले असतात." मी लिहिणारी नाही, शिट्टी वाजवणारी आहे. जमेल तसं लिहिलंय.

मैदान आखताना

आमच्या शाळेचं मैदान म्हणजे तीन बाजूंना इमारती आणि एका बाजूला गेट, मधला तुकडा. गेटसमोर चाळ. झोनच्या स्पर्धा जवळ आल्या होत्या म्हणून मुली शाळेच्या आधी येऊन सराव करायच्या. खो-खोचं मैदान आखायला पांढरी फक्की लागते. त्या दिवशी जी गोण आलेली ती फक्कीची नव्हती, चुन्याची होती. दोन्ही दिसायला सारखंच. हे आम्हाला नंतर कळलं. मी गोण ओढली, शिवण उसवली आणि वारा माझ्याच तोंडावर होता.

पहिल्या क्षणी दुखलं नाही. गिरणीत पीठ उडतं तसं वाटलं. मग पेटलं. मिरचीचा हात डोळ्याला लागला की झोंबतं, पण ते वरवरचं असतं. हे आत आत जात होतं. डाव्या डोळ्यात थोडंच गेलेलं, उजवा भरलेला. मी खाली बसले आणि ओरडले, "पाणी."

शाळेचा नळ कोरडा होता. दिव्यात पाणी येतं तेव्हा येतं.

मुलींनी आपापल्या बाटल्या आणल्या. आमची कॅप्टन श्रावणी माझं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि एकेक जण बाटली ओतायला लागली. दिवसभराचं प्यायचं पाणी होतं ते. बाटल्या संपल्या. कोणीतरी गेटबाहेर धावलं आणि समोरच्या चाळीतल्या भारती मावशींना घेऊन आलं. मावशी घरी पोळ्या लाटून देतात, मुलींना सगळ्यांना नावाने ओळखतात. त्या कळशी घेऊनच आल्या.

"मॅडम, हात काढा डोळ्यावरचा."

"उघडत नाहीये, मावशी."

"तुम्ही नका उघडू. मी उघडते." त्यांनी दोन बोटांनी पापण्या ताणून धरल्या आणि श्रावणीला म्हणाल्या, "नाकाकडून ओत. बाहेर वाहू दे. दुसऱ्या डोळ्यात जायला नको."

मला दिसत काहीच नव्हतं, पण ऐकू येत होतं. चाळीतली दारं वाजत होती. हंडे जमिनीवर ठेवल्याचे आवाज येत होते. बायका एकामागून एक येत होत्या. आदल्या दिवशी पाणी आलेलं नव्हतं, आणि उद्या येईल का ते कोणाला माहीत नव्हतं. दिव्यात राहिलेल्या माणसाला त्या हंड्यांची किंमत मी सांगायला नको. शिपाईदादा म्हणाले, "पुरे झालं, आता दवाखान्यात न्या." मावशी म्हणाल्या, "माझ्या भावाच्या डोळ्यात चुना गेलेला. आम्ही तूप घातलं डोळ्यात. गेला तो डोळा. मला आता फक्त पाणी घालू दे."

एका मुलीच्या वडिलांची रिक्षा आली. बायपासवरून ठाण्याला जाईपर्यंत मावशी माझ्या बाजूला भरलेली कळशी घेऊन बसल्या होत्या आणि तांब्याने डोळ्यात पाणी सोडत होत्या. माझा ट्रॅकसूट, त्यांची साडी, रिक्षाची सीट, सगळं चिंब. खड्डा आला की पाणी नाकात जायचं आणि मावशी म्हणायच्या, "सॉरी हां मॅडम."

लालपेक्षा पांढरं वाईट

हॉस्पिटलात पुन्हा पाणी. या वेळी सलाईनचं, नळीने. मध्येच डॉक्टर एक कागदाची पट्टी पापणीच्या आत टेकवायच्या आणि तिचा रंग बघायच्या. चुन्याचा अंश आहे का ते त्यावरून कळतं. मग त्यांनी वरची पापणी उलटी केली आणि कापसाच्या काडीने आत चिकटलेले पांढरे कण काढले. सुन्न करायचे थेंब घातले होते तरी मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

डॉक्टर माझ्याच वयाच्या, बोलायला एकदम सरळ. म्हणाल्या, "डाव्या डोळ्याची काळजी नाही. चार दिवसांत ठीक होईल. उजव्याला चांगलंच भाजलंय. डोळा लाल दिसला की लोक घाबरतात, पण मला लाल चालतो. लाल म्हणजे रक्त पोचतंय. तुमच्या बुबुळाच्या कडेचा बराच भाग पांढरा पडलाय. तिथलं रक्त बंद झालंय. आणि बुबुळावरची जी काच असते ना, तिची वरची कातडी सोलून निघालीय."

"दिसेल ना?"

"आत्ता सांगू शकत नाही." त्यांनी टॉर्च बंद केला. "पण एक विचारते. पाणी कोणी ओतलं?"

मी म्हटलं, "दिव्याच्या बायकांनी. बाहेर एक मावशी बसल्यात ओल्या साडीत."

डॉक्टर बाहेर गेल्या. दाराच्या फटीतून मला ऐकू आलं. "तुम्ही पाणी घातलंत म्हणून हा डोळा माझ्यापर्यंत आला. नाहीतर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

मावशी म्हणाल्या, "मी एकटीने नाही हो. अख्खी चाळ रिकामी झाली."

पुढे कितीतरी लोकांनी मला विचारलं, दिव्यात कशाला नोकरी करता, तिथे काय आहे. मी हे सांगते.

वार

दोन दिवसांनी डॉक्टरांनी प्रशांतला, सासूबाईंना आणि मला समोर बसवलं. म्हणाल्या, औषधाच्या थेंबांनी सूज थोडी उतरलीय, पण सोललेला भाग आपणहून भरत नाहीये. तो तसाच उघडा राहिला तर जखम खोल जाईल आणि पापणी आतून डोळ्याला चिकटेल. त्यावर पापुद्रा लावायचा.

"कसला पापुद्रा?" प्रशांतने विचारलं. "प्लास्टिकचा?"

"नाही. पोटात बाळाभोवती पाण्याची पिशवी असते ना, तिचा आतला थर. सिझेरियन झालं की वार आणि ती पिशवी एरवी फेकूनच देतात. काही बाया ती दान करतात. त्यांच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या होतात, मग तो थर स्वच्छ करून साठवतात. कांद्याच्या सालीच्या आत जो ओलसर पदर असतो, त्याहून पातळ."

"म्हणजे कायमचा बसवायचा?"

"कायमचा नाही. तो विरघळून जातो. घराची डागडुजी चालू असताना आपण वर ताडपत्री टाकतो, तसा आहे तो. खाली तुमची स्वतःची कातडी वाढते. आणि ताडपत्रीपेक्षा एक गोष्ट जास्त करतो. सूज ओढून घेतो."

मी सासूबाईंकडे तोंड वळवलं. दोन्ही डोळे मिटलेलेच होते. त्या संगमेश्वरकडच्या. सोवळंओवळं आता फारसं पाळत नाहीत, पण बाळंतपणाच्या गोष्टी त्या हळू आवाजात बोलतात. मला वाटलं, आता नको म्हणतील. प्रशांतलाही तेच वाटलं असणार, कारण तो घाईने म्हणाला, "आई, हे सगळं शास्त्रीय असतं."

"ते कळतंय रे मला," सासूबाई म्हणाल्या. "माझी आई गावात बाळंतपणं करायची. वार पडली की परसात खड्डा खणायची, वर दगड ठेवायची. कुत्र्यामांजराने उकरू नये म्हणून. मी लहान असताना कंदील धरून उभी राहायचे. एवढी वर्षं आम्ही ती मातीत घातली." मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "कोणाची आहे?"

"नाव आम्हालाही माहीत नसतं, आजी."

"मग देवाजवळ नाव कोणाचं घेऊ?"

सासूबाईंनीच उत्तर दिलं. "बरं. नुसतं बाळंतीण म्हणीन. बाळ-बाळंतीण सुखी राहोत." आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "लाव गं तेजू. बाईचं आहे, बाईला लागेल."

त्या रोज संध्याकाळी दिवा लावताना आजही त्या अनोळखी बाळंतिणीसाठी हात जोडतात. मी या घरात आल्यापासून मला त्यांचं कौतुक वाटलं असे प्रसंग बरेच आहेत. हा त्यातला पहिल्या नंबरचा.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देतात, ते दुखतं. नंतर दुखत नाही. मी पूर्ण जागी होते. तोंडावर हिरवं कापड, वर मोठा दिवा, आणि डॉक्टर सहकाऱ्याला सांगतायत, "सुरकुती काढ, सुरकुती राहायला नको." एकदम घरातलं वाक्य. चादर घालताना आपण म्हणतो तसं.

वॉर्डातले आवाज

पापुद्रा लावल्यावर त्या डोळ्याने बटर पेपरमधून बघितल्यासारखं दिसतं. उजेड कळतो, आकार नाही. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पट्टी काढल्यावर मला वाटलं डोळा गेला. तुम्हाला सांगून ठेवते. तो पापुद्रा दुधट असतो, म्हणून तसं दिसतं. घाबरू नका.

डावा डोळा बरा होत होता, पण उजेड सहन होत नव्हता, म्हणून मी बहुतेक वेळ दोन्ही मिटूनच पडायचे. दिवस थेंबांचा. एक थेंब झाला की थोड्या वेळाने दुसरा. सिस्टर यायच्या, "वर बघा, खाली बघा, मिटा, चोळू नका," आणि जायच्या. दिवसातून एकदा त्या काचेची गुळगुळीत काडी पापणीच्या आतून फिरवायच्या, चिकटू नये म्हणून. ते मला अजिबात आवडायचं नाही. मी मोठ्याने पाढे म्हणायचे. सिस्टरना तेराचा पाढा माझ्यामुळे पाठ झाला असं त्या म्हणायच्या.

पलीकडच्या खाटेवर कल्याणच्या रंजनाताई होत्या. बँकेत कॅशियर. तापावरच्या एका गोळीची भयंकर रिअ‍ॅक्शन येऊन त्यांच्या अंगाची कातडी सोलली होती, डोळेही त्यातच सापडले. अंगावरची कातडी भरून आली, डोळ्यांचं दुखणं उरलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पापुद्रे होते. त्यांचे नातेवाईक आले की आधी मला जय भीम करायचे, मग त्यांच्याकडे वळायचे. आम्ही दोघी मिटल्या डोळ्यांनी गप्पा मारायचो. तोंडं एकमेकींना माहीत नाहीत, आवाज पाठ.

एकदा मी त्यांना विचारलं, "ताई, भीती नाही वाटत?"

"वाटते ना. सकाळी जास्त वाटते. उठल्याबरोबर डोळे उघडायच्या आधी."

"मग काय करता?"

"नोटा मोजते. मनातल्या मनात. बोटांना सवय आहे ना. बोटं चालायला लागली की वाटतं, बाई, तू अजून कामाची आहेस."

त्या दिवसापासून मीही सकाळी पांघरुणाखाली पाय हलवायला लागले. खो देताना पहिलं पाऊल कसं टाकायचं, ते मुलींना शिकवते तसं. रंजनाताई म्हणायच्या, "मॅडम धावायला लागल्या वाटतं." वॉर्ड हसायचा.

फोनवरचा सामना

झोनच्या स्पर्धा माझ्यासाठी थांबणार नव्हत्या. मुख्याध्यापकांनी संघ मागे घेऊ का विचारलं. मी श्रावणीला फोन लावून घेतला. "तुम्ही ठरवा."

"मॅडम, आम्ही खेळणार. फक्त सांगा, सुरुवातीला कोणाला पळायला पाठवू?"

"तू कॅप्टन आहेस."

मग म्हणाली, "ओके."

आमच्या सानिकाचा घोटा मुरगळला होता, म्हणून ती बाहेर बसून मला फोनवर सामना सांगत होती. प्रशांतने फोन उशीवर ठेवून स्पीकर चालू केला. रंजनाताईंनीही कान दिला.

"मॅडम, ती समोरची लंबू आहे ना, ती पळतेय. श्रावणी तिच्या मागे... नाही, खो दिला. पूजा उठली. पूजा गेली गेली गेली... मॅडम, खांबावर गाठलं. आऊट. मॅडम, आऊट."

"आता ओरडू नको, पुढचं सांग."

"तुम्ही तर म्हणता ओरडा म्हणून."

त्या दिवशी त्यांनी दोन सामने जिंकले. आमची शाळा पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेली. तिथे हरली. सानिका फोनवर रडायला लागली. मग फोन श्रावणीने घेतला. "मॅडम, एका गुणाने गेलो. शेवटच्या डावात माझी निवड चुकली, मी पूजाला आधी पाठवायला हवं होतं."

मी तिला काही सांगणार, तेवढ्यात रंजनाताई आपल्या खाटेवरून म्हणाल्या, "अगं, चूक कळली ना? मग झालं तर."

पट्टीखाली रडायचं नसतं, मीठ झोंबतं. मी त्या दिवशी नियम मोडला. माझ्याशिवाय मैदानात उतरून, स्वतः ठरवून, स्वतः हरून, वर कारणही शोधून आलेल्या मुली माझ्या होत्या.

दुसऱ्यांदा

पहिला पापुद्रा लवकर विरघळला. खालची कातडी कडेने सरकत आलेली, पण मधोमध एक भाग उघडाच राहिला होता. डॉक्टर बराच वेळ मशिनमधून बघत होत्या. तेव्हाच मला कळलं.

"पुन्हा लावू," त्या म्हणाल्या. "या वेळी छोटा. टाके नाही, चिकटवायचा, वर मऊ लेन्स ठेवायची. काही जणांना दोनदा लागतो. तुमचं काही चुकलेलं नाही."

सगळ्यात वाईट दिवस तो. अपघाताच्या दिवशी काय करायचं ते तरी माहीत होतं. त्या दिवशी करण्यासारखं काहीच नव्हतं.

घरी आल्यावर प्रशांत म्हणाला, "आता मैदान बस झालं, तेजू. शाळेत ऑफिसचं काम माग. डोळ्यापेक्षा खो-खो मोठा आहे का?"

तो वागळे इस्टेटला शिफ्टमध्ये काम करतो. शिफ्ट संपली की हॉस्पिटल, मग घर, पुन्हा शिफ्ट, असे दिवस त्याने काढले होते. त्याच्या आवाजातच थकवा होता. मला ते समजत होतं, तरी मी भांडले. "डोळा गेला तर गेला. त्याच्याबरोबर स्वतःला पण घालवू?"

"मी तुला घालवायला सांगतोय का?"

"मग काय सांगतोयस?"

तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "मला भीती वाटते. तू खाटेवर हसत असतेस सगळ्यांशी, आणि मला पार्किंगमध्ये जाऊन बसावं लागतं."

हे मला माहीत नव्हतं. घरचा माणूस पार्किंगमध्ये जाऊन काय करतो ते पेशंटला दिसत नाही. डोळे चांगले असले तरी दिसत नाही. तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर एवढं करा. जो खाटेजवळ उभा असतो त्यालाही कधीतरी विचारा, तू कसा आहेस. आम्ही त्या दिवशी भांडण पूर्ण केलंच नाही. सासूबाईंनी पेज आणून ठेवली, दोघांनी खाल्ली. दुसऱ्या पापुद्र्याच्या वेळी तो ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आला आणि म्हणाला, "ये. मैदानाचं नंतर बघू." मी म्हटलं, "बघू म्हणजे हो धरते." तो हसला.

इरा

इरा माझ्याकडे बघायची नाही. जेवायला बसली की आजीच्या आडून बसायची. एकदा म्हणाली, "आई, डोळा झाक ना." लाल, फुगलेला, मधोमध धुरकट. मला आरशात बघवत नव्हता, तिला कसा बघवेल? मी झाकला. पण आत कुठेतरी फार लागलं.

तिला बळजबरी केली नाही. थेंब घालायची वेळ झाली की मी तिच्या समोरच बसायचे आणि स्वतःशी बोलल्यासारखं बोलायचे. आज जरा कमी लाल आहे. आज उजेड टोचत नाही. दुसरा पापुद्रा लावल्यानंतरची गोष्ट. ती जवळ आली, माझी हनुवटी धरली आणि डॉक्टर बघतात तसं बघितलं.

"आत काय आहे?"

"एका बाळाच्या घराचा तुकडा आहे. बाळ बाहेर आलं, घर उरलं. ते मला दिलं."

"बाळाला मग घर?"

"त्याला त्याची आई मिळाली ना."

तिने थोडा विचार केला. "मग ठीक आहे," म्हणाली, आणि त्या दिवसापासून थेंबांची बाटली हलवून द्यायचं काम तिने आपलं करून टाकलं.

आता

दुसरा पापुद्रा हवा तेवढा टिकला. तो विरला तेव्हा खाली कातडी बंद झालेली होती. लेन्स काढली त्या दिवशी डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. वरची मोठी वाचली. मधली अडखळत वाचली. खालची नाही आली. पुढे काही महिन्यांत तीही थोडी थोडी यायला लागली. डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवून सिस्टरना बोलावलं आणि म्हणाल्या, "बघा, आपला डोळा." आपला म्हणाल्या. मला ते फार आवडलं.

खरं तेच सांगते. डोळा पहिल्यासारखा झालेला नाही. रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती कडं दिसतं. खालच्या बाजूला एक पांढुरका डाग कायमचा राहिलाय. डोळा कोरडा पडतो, म्हणून खिशात थेंब असतात. उन्हात गॉगल लागतो. पुढे कधी अजून काही करावं लागेल का, हे डॉक्टर वर्षातून काही वेळा बघतात. सगळ्यांचा डोळा असाच भरतो असंही नाही. रंजनाताईंचा एक डोळा चांगला सुधारला, दुसऱ्याचे उपचार अजून चालू आहेत. त्या मात्र बँकेत परत रुजू झाल्या. हॉस्पिटलच्या बाहेर आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा दोघी एकमेकींच्या बाजूने निघून गेलो. मग त्यांनी कोणाला तरी रस्ता विचारला आणि मी आवाजावर मागे वळले.

शाळेत मी परत गेले. प्रशांतनेच पहिल्या दिवशी सोडलं. मैदान आता रंगाच्या पाण्याने आखतो, आणि आखणाऱ्याच्या डोळ्यावर चष्मा असल्याशिवाय मी आखू देत नाही. मुली मागे हसतात. हसू देत.

मध्यपाटी

यंदा डोंबिवलीला शाळांच्या स्पर्धा होत्या. आमचा संघ त्या गटात नव्हता, म्हणून मला पंच म्हणून बोलावलं. मैदानावर पोचले तर सरपंचांनी, म्हणजे आमच्या खेळात जो मुख्य पंच असतो त्यांनी, मला बाजूला घेतलं. भला माणूस. म्हणाले, "मॅडम, तुम्ही टेबलावर बसता का? गुण लिहा. ऊनही लागणार नाही."

"सर, मला मैदानातलं काम दिलंय."

"हो, पण..."

"डॉक्टरांनी परवानगी दिलीय. मी उभी राहते."

त्यांनी मान हलवली. प्रशांत आणि इरा कठड्याजवळ उभे होते. सासूबाई सावलीत खुर्चीवर.

शेवटचा सामना, शेवटचा डाव, दोन्हीकडे गुण जवळजवळ सारखे. खो-खोत मधोमध एक अरुंद पट्टी असते, मध्यपाटी. पाठलाग करणाऱ्या मुलीचा पाय त्या पट्टीला लागला की फाऊल. एक मुलगी सुसाट उठली, वळली, आणि पळणारीच्या पाठीवर हात टेकवला. टाळ्या पडल्या. पण वळताना तिची टाच मध्यपाटीवर टेकली होती. अगदी क्षणभर. माझ्या उजव्या बाजूला.

मी शिट्टी वाजवली. "फाऊल. आऊट नाही."

त्या संघाचे सर धावतच आले. चिडलेले होते, पण आवाज सांभाळून होते. "मॅडम, माफ करा, पण तुम्हाला नीट दिसलं का? म्हणजे तुमच्या डोळ्याचं आम्हाला कळलंय, म्हणून विचारतो."

सरपंचही माझ्याकडे बघत होते. मला राग आला नाही. एकेकाळी मी डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला होता, दिसेल ना म्हणून.

"दिसलं, सर," मी म्हटलं. "उजव्या पायाची टाच, मध्यपाटीवर. या डोळ्याने दिसलं."

सरपंचांनी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी हाताने मुलीला मागे फिरायची खूण केली. ते सर मान डोलावून आपल्या जागी गेले.

मी शिट्टी तोंडात धरली आणि खेळ पुढे चालू केला.